लाभाचा वेढा

प्रिय मनू,

टाकी माझ्या हातची. बंद पडलेल्या डेअरीच्या भंगारातून आणलेलं पोलादी पिंप, आतून तीन वेळा घासून आरशासारखं केलेलं. टाकीची दोन्ही झाकणं माझ्या हातची. आतली दोन मोठी कॉइलं मी भरली, दोन्हींच्या वजनात दहा ग्रॅमचाही फरक नाही. चुंबकी जोर मोजायच्या सोळा सुया मी केल्या, प्रत्येकीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं कॉइल, केसासारख्या तारेचं. उष्णता पकडायच्या तांब्याच्या पट्ट्या चोवीस. त्या तू तीनदा करायला लावल्यास, म्हणजे खरं तर बहात्तर. पंपाचा दांडा मी फिरवून घेतला, रबरी वायसर मी कापले, स्विचची मूठ शिसवीची, तीसुद्धा मी तासली. आणि मापाची जोडी, नग एक.

ही यादी मी तुझ्या कॉलेजसाठी लिहीत होतो. तुझी खोली त्यांना महिनाअखेर रिकामी हवी आहे. "तुमचं जे असेल ते लिहून द्या, सही करा आणि घेऊन जा," असं तिथले क्लार्क म्हणाले. त्यांना नुसती नावं चालली असती. पण तुला माझी सवय माहीत आहे. वर्णनाच्या रकान्यात मी तारेचा गेज, वेढे, व्हार्निशचे हात किती, सगळं लिहितो. मापाच्या जोडीपाशी आलो, 'वेढे' असं लिहिलं आणि पुढं आकडा लिहिता येईना. पेन तसंच धरून बसलो. शेवटी यादी बाजूला सारली आणि हा कागद घेतला. हे आधी तुला सांगायला पाहिजे, मग कॉलेजला.

तुला जाऊन सात महिने झाले, मनू. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय ते चूक कबूल करायला. बघ, कसा भाऊ!

तू वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा तो नकाशा घेऊन आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी पाण्याची मोटार उघडून बसलो होतो.

"दादा, सूर्यावर जे होतं ना, ते मला पिंपात करायचंय."

"पिंप केवढं?" मी विचारलं.

तू हसायलाच लागलीस. "दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, येडी झालीस का. तू पिंप केवढं विचारतोस!"

मग तू मला समजावलंस. सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे कापलेस, ताणून शेजारीशेजारी धरायला लावलेस, मधोमध कात्री मारलीस आणि म्हणालीस, आता या पट्ट्याचं टोक त्या पट्ट्याला जोडलं असं समज. रबर फटकन् माझ्या मनगटावर बसलं. "लागलं ना? तीच ऊर्जा." वायू विजेनं इतका तापवला की त्याचे अणूच फुटतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात चुंबकी रेषा ताणलेल्या रबरासारख्या असतात. उलट्या दिशेच्या दोन रेषा एकमेकींवर दाबल्या की तुटतात आणि भलत्याच टोकांना जोडल्या जातात. तुटताना साठलेला ताण सुटतो. वायू तापतो, दोन्ही बाजूंना फेकला जातो. सूर्यावर असंच होतं म्हणालीस, फक्त तिथला एक झटका आपल्या सगळ्या पृथ्वीपेक्षा मोठा.

आणि तुझा खरा प्रश्न त्याच्याही पुढचा होता. वायू शांत नसला, कालव्याचं दार उघडल्यावर पाणी जसं खवळतं तसा असला, तर काय होतं? मग रेषा एका जागी न तुटता शंभर जागी तुटतात. मोठा भोवरा लहान भोवऱ्यात फुटतो, लहान त्याहून लहानात, आणि असं करत करत ऊर्जा शेवटी उष्णतेत विरते. तुला एवढंच मोजायचं होतं. चुंबकातून गेलं किती, आणि उष्णतेत अन् वाऱ्यात आलं किती. दोन आकडे. जुळले पाहिजेत.

मी दहावीनंतर शाळा सोडली. आप्पा गेले, करमाडची जमीन दोघांना पुरणारी नव्हती, म्हणून मी मुकुंदवाडीला एका मिस्त्रीकडं जळलेल्या मोटारींत नवी तार भरायला लागलो आणि तू शिकत राहिलीस. पण तुझ्या वह्या मी वाचल्या आहेत. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा चिन्हं कळली, तिसऱ्यांदा तुझी एक बेरीज चुकलेली सापडली. ती दाखवली तर तू वर्गात सांगत सुटलीस, "माझा दादा माझ्या वह्या तपासतो!" त्या एका वाक्यावर मी वर्षभर छाती काढून चाललो.

पहिला झटका दिला तेव्हा स्विच तू मला दाबायला लावलास. धाडकन् आवाज झाला, काचेच्या खिडकीत जांभळा उजेड चमकून गेला आणि खोलीत जळक्या विजेचा वास पसरला. बाहेरून तुमचा शिपाई धावत आला. "मॅडम, फ्यूज उडाला का?" तू म्हणालीस, "नाही ओ मामा, सूर्य उगवला."

आणि मग ते आकडे.

चुंबकातून शंभर जात होते आणि उष्णतेत नि वाऱ्यात मिळून एकशे एकोणीस येत होते. दर वेळी. पाचपन्नास झटके देऊन बघितलंस, तरी तेच. गेलं त्याहून जास्त आलं! असं जगात कुठं होत नाही. तू उष्णतेच्या पट्ट्यांवर संशय घेतलास. मी दुसऱ्या केल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या केल्या. पुन्हा तेच. तुमच्या कॉलेजातले लोक काय म्हणाले ते तू हसत हसत सांगितलंस, "वीजवाल्यांना कळवा म्हणतात, मॅडमच्या खोलीत फुकटची वीज निघते." तू हसलीस, पण जेवली नाहीस त्या दिवशी. तुझ्या वहिनीनं दोनदा भाकरी गरम केली.

मनू, मी काय म्हणालो होतो तेव्हा, आठवतं? "तुझ्या मोजण्यात गडबड आहे. हात साफ ठेव." मी म्हणालो होतो! मी!

आता ती मापाची जोडी. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला क्रमानं लिहू दे. दोन रिंगा, मधलं अंतर बरोबर त्रिज्येएवढं, प्रत्येकीवर दहा वेढे. वेढे माहीत, वीज माहीत, म्हणजे मधोमध चुंबकी जोर किती तो माहीत. त्या मधोमध प्रत्येक सुई धरायची, मीटरचा काटा किती हलतो ते लिहून घ्यायचं आणि त्यावरून सुईचं माप ठरवायचं. सोळाच्या सोळा सुया त्या एका जोडीवर ठरल्या. कॉलेजातला चुंबकमापक कधीच बंद पडलेला होता. म्हणजे सगळ्या प्रयोगाची पायली ती जोडी. आणि पायली माझ्या हातची.

एकदा, एकदाच तू विचारलंस. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"दादा, जोडीवर गुंडाळलेली कापडी पट्टी सोडून एकदा वेढे मोजू या का?"

"दहा आहेत."

"हो रे, पण—"

"अठ्ठावीस वर्षं मोटारी भरतोय मी. मुकुंदवाडी ते करमाड कुणालाबी इचार. माझे वेढे मोजणार तू?"

तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "नाय मोजत बाबा. चहा पाज." चहा प्यालीस, कप विसळून ठेवलास, गेलीस. मी वर व्हार्निशचा आणखी एक हात मारला त्या जोडीवर. पट्टी कुणी सोडूच नये म्हणून. असा माणूस मी.

पुढं आठ महिने दवाखाना. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की तू उशाशी वही घेऊन पडायचीस आणि मला म्हणायचीस, "दादा, पट्ट्यांची जाडी परत सांग." मी सांगायचो. तू लिहायचीस. बोटं सुजलेली असायची, तरी तुझं अक्षर सरळ. मला तेव्हा बरं वाटायचं, पोरीचं मन गुंतलंय म्हणून! ते गुंतलेलं नव्हतं गं, ते अडकलेलं होतं. आणि अडकवलं कुणी?

गेल्या महिन्यात कळलं. दुपारची वेळ होती. मशीनचा वेढे मोजायचा मीटर बिघडला होता, म्हणून छताच्या पंख्याचं कॉइल मी तोंडानं मोजत भरत होतो. वहिनी डबा घेऊन आली होती, समोर बसून होती.

"तुमी आत्ता काय म्हणालात?"

"काय?"

"लाभ म्हणालात. मंग एक म्हणालात."

"मंग? तसंच म्हणत्यात."

"आमच्या घरी लाभ म्हंजेच एक. लाभ, दोन, तीन. तुमचा एक जास्तीचा व्हतोय की ओ!"

"अगं, चारशे वेढ्यात एकाचं काय—"

एवढं म्हणालो आणि तोंड तसंच उघडं राहिलं. हातातली तार सुटली, फिरकीवरून भराभरा उलगडत गेली. वहिनी घाबरली. "काय झालं ओ? छातीत दुखतंय का?"

तुला आठवतंय ना आप्पांचं खळं? रास मोजताना पहिली पायली भरून ते "लाभ" म्हणायचे. बाकीच्यांच्या घरी लाभ हीच पहिली पायली, मोजणीतली. आपल्या घरी लाभाची पायली देवाची. ती वेगळ्या पोत्यात जायची, मोजणीत यायची नाही, आणि मग "एक" पासून खरी सुरुवात. मी पोतं धरायचो, तू राशीवर बसून त्यांच्या पाठोपाठ ओरडायचीस. ते माझ्या जिभेवर कधी बसलं आणि हातात कधी उतरलं, मला माहीत नाही. मोटारीत शेकड्यांनी वेढे असतात, तिथं एक जास्तीचा झाला तरी मोटार कुरकुर करत नाही. अठ्ठावीस वर्षांत एकही मोटार त्यामुळं परत आली नाही. पण दहामध्ये एक!

त्याच दुपारी कॉलेजात गेलो. क्लार्कनं किल्ली दिली. ब्लेडनं पट्टी कापली, व्हार्निश खरवडलं. एकदा बोटानं मोजले, एकदा सुईच्या टोकानं, एकदा प्रत्येक वेढ्यावर खडूची खूण करत. मोठ्यानं, एकपासून. अकरा. दुसऱ्या रिंगेवरही अकरा.

तुझ्याच वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. पायली मोठी असली की रास कमी भरते. जोडीचा जोर एक दशांश जास्त, म्हणून सुया खरा जोर अकरा असेल तिथं दहाच सांगत होत्या. आणि ऊर्जा जोराच्या वर्गानं वाढते, हे तूच शिकवलंस. अकराचा वर्ग एकशे एकवीस, दहाचा शंभर. म्हणजे तू शंभर गेले समजत होतीस, तेव्हा खरे एकशे एकवीस जात होते. आणि तुझ्या पट्ट्या सांगत होत्या, एकशे एकोणीस आले. दोन इकडं-तिकडं. एवढं तर कुणाचंही होतं!

तुझा आकडा बरोबर होता, मनू. पहिल्या चोवीस पट्ट्यांपासून बरोबर होता. खवळलेल्या वायूत शंभर जागी तुटलेल्या रेषांची उष्णता तू अशी वेचलीस की जवळजवळ काही सांडलं नाही. बाकीच्या अठ्ठेचाळीस पट्ट्या मी उगाच कापल्या. आणि तू अडीच वर्षं उगाच स्वतःला कापत राहिलीस.

मग मी तुझी शेवटची वही नीट वाचली. आधी धीर झाला नव्हता. संशयांची तुझी यादी आहे त्यात, एकेक खोडत आणलेली. पंपाची गळती, खोडलं. विजेचं मोजमाप, खोडलं. आणि तिसऱ्या ओळीला: 'जोडीचे वेढे. दादाला विचारणार नाही.' ती ओळ खोडलेली नाही. नुसती सोडून दिलेली आहे. तीन पानं पुढं, दवाखान्यातल्या अक्षरात: 'चूक माझीच असावी.'

एवढी कसली गं भीड? एवढी शिकलेली तू, विज्ञान शिकवणारी, पोरांना "प्रश्न विचारा, प्रश्न विचारा" म्हणणारी! मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, जेवणाचं ताट सरकवलं असतं. मग? मोजायचे होतेस! रात्रंदिवस किल्ली तुझ्याकडं होती, ब्लेड तुझ्याकडं होतं. माझ्या माघारी पट्टी कापली असतीस तर मला कळलंही नसतं. पण तू तसं करणार नाहीस, हेही मला माहीत आहे. माझ्या तोंडावर विचारायचं धाडस नाही आणि पाठीमागं करायचा खोटेपणा नाही. अशानं माणूस मरतो, मनू. म्हणजे, तू त्यानं गेली नाहीस, डॉक्टरांनी कारण लिहून दिलंय. पण मला तो कागद पटत नाही.

तुझ्या पीएच.डी.च्या समितीनं प्रगतीच्या अहवालावर काय शेरा मारलाय, तो मी त्याच वहीत चिकटवलेला पाहिला. 'उमेदवाराचं मोजमाप विश्वासार्ह नाही.' तू आम्हाला दाखवलाही नाहीस. एवढ्या स्वच्छ हातांच्या पोरीच्या नावापुढं ते वाक्य पडून आहे, आणि ते माझ्यामुळं आहे.

मी तुला मार्गदर्शन करणाऱ्या सरांकडं गेलो. छावणी भागात राहतात, पत्ता विचारत विचारत पोचलो. दोन्ही रिंगा पिशवीत होत्या. टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. सरांनी स्वतः मोजले. मग चष्मा काढून पुसला.

"बसा ना," म्हणाले. मी बसलो नाही.

"हे बघा, झालं ते झालं. तिचं काम मी पूर्ण करून पाठवणारच आहे. मी आकडा बदलतो, अकरा करतो. सगळं जुळतंय. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"आणि चूक कुणाची, ते?"

"त्याची काय गरज? तुम्ही कारागीर माणूस. तुमचं नाव आहे मार्केटात. उगाच कशाला?"

"सर, आकडा नुसता बदलला तर लोक म्हणतील तिनं आधी चुकीचा मोजला होता."

सरांनी एक रिंग उचलून परत टेबलावर ठेवली.

"तिनं मोजलेलं नव्हतं. मी मोजू दिलं नव्हतं. तसं लिहा. माझ्या नावानिशी."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो."

तिथंच बसून लिहिलं, तेव्हा बसलो. दीड पान झालं. सरांनी वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे 'लाभ' म्हणजे काय?" त्यांना खळं, रास, पायली, सगळं सांगावं लागलं. पुण्याकडचे आहेत, त्यांना कुठलं माहीत असणार! त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "तिला ठाऊक असेल हो हे. तुमच्याच घरातली ना ती."

तेच तर मला झोपू देत नाही. राशीवर बसून "लाभ!" म्हणून ओरडणारी तू. तुला तेव्हाच कळलं होतं का, मनू? तिसरी ओळ लिहिताना खळं आठवलं होतं का? की आठवलं, म्हणूनच विचारलं नाहीस? याचं उत्तर कुठल्या वहीत नाही. मी सगळ्या पाहिल्या.

आज ही यादी पुरी करून कॉलेजला देईन. मापाची जोडी, नग एक, प्रत्येक रिंगेवर वेढे अकरा, मोजणारा मी. टाकी, पंप, सुया, सगळं टेम्पोनं वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आणतो. जागा झाडून ठेवली आहे. सर दर रविवारी येतो म्हणालेत. मी नवी जोडी भरणार नाही, तीच वापरणार, अकरा धरून. सोळा सुया पुन्हा ठरवू, तुझ्याच पट्ट्या लावू, तुझ्याच पद्धतीनं शंभर झटके देऊ, आणि एकेक आकडा तुझ्या वहीत उरलेल्या पानांवर लिहू. मग तो अहवाल त्या समितीपुढं जाईल, आणि तो शेरा त्यांच्याच हातानं खोडला जाईपर्यंत मी जात राहीन. हा माझा शब्द आहे तुला. आणि यापुढं कुणीही म्हणालं, वेढे मोजू का, तर मी पट्टी स्वतः सोडून देईन.

परवा जालन्याहून एक जण आला होता. जुनी यंत्रं घेतो, विकतो. तुझ्या खोलीत उभा राहून सगळीकडं हात फिरवत होता. टाकी, पंप, तांबं, स्विच, आहे तसं उचलतो म्हणाला, टेम्पोही त्याचाच. वह्या आणि ती पट्टी फाडलेली जोडी तेवढी नको, ती तुम्ही टाकून द्या. पैसे रोख, तिथल्या तिथं. मी नाही म्हणालो. चार लाख साठ हजार देत होता.

तुझा,
दादा